कॅरमेल: गैरसमज आणि वस्तुस्थिती

साखर कोरडी किंवा थोड्या पाण्यासह तापवत नेली की ती आधी सोनेरी, मग मधासारखी आणि शेवटी गडद तपकिरी होते. हेच कॅरमेल.

गैरसमज: कॅरमेल म्हणजे वितळलेली साखर.
वस्तुस्थिती: कॅरमेल होताना साखरेचा रेणूच तुटतो. साधारण १६० ते १७० अंश सेल्सिअसला सुक्रोजपासून ग्लुकोज व फ्रुक्टोज सुटतात, त्यांतून पाणी निघून जाते आणि नवी संयुगे तयार होतात. त्यांतल्या डायअसिटिलमुळे लोण्यासारखा वास येतो, तर मोठ्या रेणूंमुळे तपकिरी रंग. म्हणूनच कॅरमेल जितके गडद, तितके कमी गोड आणि जास्त कडसर.

गैरसमज: करपू नये म्हणून पाक सतत ढवळत राहावा.
वस्तुस्थिती: साखर पाण्यात विरघळली की चमचा बाजूला ठेवावा. ढवळताना कडेचे दाणे पाकात पडतात आणि सगळा पाक पुन्हा दाणेदार होऊ शकतो. रंग सगळीकडे सारखा यावा यासाठी भांडेच अलगद फिरवावे. लिंबाच्या रसाचे काही थेंब टाकल्यास थोडी साखर ग्लुकोज-फ्रुक्टोजमध्ये बदलते आणि दाणे धरत नाहीत.

गैरसमज: साच्यात कडक झालेले कॅरमेल वाया गेले.
वस्तुस्थिती: कॅरमेल कस्टर्डसाठी ते कडकच व्हायला हवे. वर दूध-अंड्याचे मिश्रण ओतून वाफवल्यावर आणि गार होताना कॅरमेल त्यातले पाणी ओढून घेते. त्यामुळे साचा उलटा केला की वरून पातळ तपकिरी पाक ओघळतो.

गैरसमज: कॅरमेल टॉफीचा रंग फक्त साखरेचा असतो.
वस्तुस्थिती: साय व लोणी घातलेली मऊ टॉफी साधारण १२० अंशांपर्यंतच शिजवतात. एवढ्या उष्णतेत सुक्रोजचे कॅरमेल होत नाही. इथे रंग व चव मुख्यतः दुधातली प्रथिने आणि साखर यांच्या संयोगातून येतात. या क्रियेचे वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय माय्यार यांनी १९१२ मध्ये केले. अर्जेंटिनातील ‘दुल्से दे लेचे’ हा आटवलेल्या गोड दुधाचा पदार्थही असाच तपकिरी होतो.

गैरसमज: कोलातला कॅरमेल रंग आणि घरचे कॅरमेल एकच.
वस्तुस्थिती: कारखान्यात हा रंग चार प्रकारे बनतो: साधा, सल्फाइट वापरून, अमोनिया वापरून किंवा दोन्ही वापरून. पाकिटावर हे प्रकार १५०ए ते १५०डी या क्रमांकांनी ओळखतात. कोलात मुख्यतः १५०डी असतो, कारण आम्लयुक्त पेयातही तो फाटत नाही, तळाशी बसत नाही. तो रंगापुरताच असतो. पेयाची गोडी वेगळ्या घातलेल्या साखरेची असते.