अंगावरची लाल खूण

मूल जन्मून पंधरा दिवस होतात, आणि न्हाऊ घालताना आईला त्याच्या गालावर मसुराएवढा लाल ठिपका दिसतो. महिन्याभरात त्याची सुपारी होते. मग घरात चौकशी सुरू होते ती मुलाची नव्हे, आईची! ग्रहणात विळी हाती धरली होतीस का? मंडळी, ग्रहण लागते ते साऱ्या खानदेशाला. त्या दिवशी कितीतरी गरोदर बाया भाजी चिरतात, शेतात खुरपतात. खूण मात्र शंभरांत चार-पाच बाळांना निघते. ग्रहण कोणी पाळीत नाही अशा देशांतही ती निघतेच.

या गाठीला डॉक्टर हेमँजिओमा म्हणतात. रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशी बेसुमार वाढून ती होते; कर्करोग नव्हे. पहिले तीन ते पाच महिने ती झपाट्याने वाढते, वर्षाच्या सुमारास थांबते, आणि पुढे चार-पाच वर्षांत बहुधा ओसरते. अंगारेवाल्याला यश येते ते इथेच.

दुसरी खूण दिसायला तिची बहीण, पण जात निराळी. इथे पेशी वाढत नाहीत, रक्तवाहिन्यांची बांधणीच गर्भात चुकलेली असते. ती मुलाबरोबर वाढते आणि आपण होऊन जात नाही. कुठे सपाट जांभळट डाग, कुठे दाबला की बसणारा निळसर फुगवटा, तर कुठे हाताला गरम लागणारी, ठोके देणारी गाठ. ही ठोक्यांची गाठ अर्धवट कापली तर पुन्हा उसळते. बोस्टनच्या मलिकन आणि ग्लोवाकी यांनी 1982 साली ही फारकत स्पष्ट मांडली. त्यापूर्वी डॉक्टरही पुष्कळदा दोहोंना एकच नाव देत.

हेमँजिओमावर आज औषध आहे, आणि ते सापडले योगायोगाने. फ्रान्समध्ये बोर्दो येथे एका बाळाला हृदयासाठी प्रोप्रानोलॉल हे जुने, स्वस्त औषध दिले, तो नाकावरची गाठ फिकी आणि मऊ पडू लागली. 2008 साली डॉ. लेओते-लाब्रेझ यांनी हे प्रसिद्ध केले.

आपल्याकडे अडचण वेळेची आहे. दिवाळीनंतर अक्राणी-अक्कलकुव्याची कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. भाद्रपदात जन्मलेल्या बाळाची गाठ वाढते ती नेमकी त्याच महिन्यांत, फडावर. पापणीवरची गाठ डोळा झाकून बसली, तर उन्हाळ्यात परत येईतो त्या डोळ्याची नजर मंदावते, आणि गाठ पुढे ओसरली तरी ती नजर परतेलच असे नाही. मुकादम उचलीची तारीख वहीत लिहितो. खुणेची तारीख आपण लिहावी. केव्हा दिसली, जन्मतः होती का, महिन्यात किती वाढली, एवढ्यावर डॉक्टरांचा अर्धा निर्णय होतो.

डोळा, नाक, ओठ यांजवळची, हनुवटी-गळ्यावरची, फुटून चिघळलेली, किंवा अंगावर पाच वा अधिक गाठी असतील, तर थांबू नये. कपाळ आणि वरच्या पापणीवर जन्मतःच सपाट जांभळा डाग असेल, तरीही नाही. त्याच्या जोडीला डोळ्यातला दाब वाढणे आणि झटके येणे संभवते. अंगणवाडीत बालस्वास्थ्य पथक येते, त्याला दाखवावे. ते जिल्हा रुग्णालयात पाठवते. डाग मात्र देऊ नये. तापल्या लोखंडाने रक्ताची गाठ फुटते आणि जखम चिघळते.

प्रोप्रानोलॉल स्वस्त असले तरी दुकानातून परस्पर आणू नये. आधी बाळाचे हृदय तपासावे लागते, आणि डोस दूध पाजूनच द्यायचा असतो. उपाशीपोटी दिल्यास रक्तातली साखर उतरते. बाळ पीत नसेल त्या दिवशी डोस थांबवून डॉक्टरांना विचारावे.