गाल टेकला, पण नेम कुठाय?

रायफल घेताना सगळे स्कोपबद्दल बोलतात, दस्त्याबद्दल कुणीच नाही. नेमबाजीत उतरणाऱ्यांनी पैसे मोजण्याआधी आपला गाल कुठं टेकतो, ते बघायलाच हवं.

'पप्पांचं ऊसबिल जमा झालंय. म्हणालेत, घे एकदाची रायफल. आता सांग, कुठली घेऊ?' मैत्रिणीचा फोन. ती राधानगरी तालुक्यातली. तिच्याच तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ जिंकलं आणि तेव्हापासून हिच्या डोक्यात रायफल शिरली ती शिरलीच. दुकानदारानं तिला उंच गालाचा दस्ता आणि वर स्कोप असलेली एअर रायफल दाखवली होती. 'ताई, नेम चुकायचा प्रश्नच नाही!'

प्रश्न होता, आणि तो मला माहीत होता. कारण मी त्यात आपटले होते.

कॉलेजात एनसीसीला असताना मी पॉइंट टू-टू रायफलवर शिकले. आयर्न साईट, पाच राऊंडचं ग्रुपिंग, गाल दस्त्याला घट्ट. ग्रुपिंग बरं यायचं. नंतर एकदा ओळखीच्या दादाची स्कोपवाली रायफल हातात घेतली. दस्ता सरळ, साधा. गाल टेकला तर स्कोपमध्ये काळोख. मान उचलली तर चित्र दिसलं, पण आता गाल हवेत आणि दस्त्याला फक्त हनुवटी. प्रत्येक शॉटला डोकं वेगळ्या जागी. कार्डावर छर्रे असे पसरले, की दादा म्हणाला, 'राहू दे, चहा घेऊ.'

गंमत अशी, की चूक नेमाची नव्हती, उंचीची होती. ओपन साईट बॅरलला जवळपास चिकटून असते. स्कोप माउंटवर बसतो, म्हणजे डोळा दोनेक सेंटीमीटर तरी वर न्यावा लागतो. दस्ता मात्र तोच. खालच्या साईटसाठी बनलेल्या दस्त्यावर स्कोप लावला की मान तरंगते. स्कोपसाठी उंच केलेल्या दस्त्यावर ओपन साईट बघायची म्हटलं, तर गाल कितीही दाबा, डोळा खाली उतरतच नाही.

एवढ्यानं काय बिघडतं? हिशेब करू. मागची आणि पुढची साईट यांत अर्धा मीटर अंतर धरा. डोकं सरकल्यामुळं पुढची टिप मागच्या खाचेत फक्त १ मिलिमीटर इकडंतिकडं दिसली, तर १० मीटरवर छर्रा २० मिलिमीटर सरकतो. १० मीटर एअर रायफलच्या कार्डावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि दोन रिंगांमध्ये अडीच मिलिमीटरचं अंतर. म्हणजे दहाचा शॉट थेट दोन-तीनवर. स्कोपमध्ये खाच आणि टिप जुळवायची नसते, पण डोळा मध्यभागी नसेल तर कडेला काळी चंद्रकोर दिसते आणि पॅरालॅक्समुळं नेमही सरकतो.

आता मैत्रिणीचा खरा पेच. तिला स्पर्धेत उतरायचंय. आंतरराष्ट्रीय नियमांच्या १० आणि ५० मीटर रायफल प्रकारांत स्कोप चालतच नाही, तिथं पीप साईट असते. आपल्याकडं नवशिक्यांसाठी ओपन साईटचा वेगळा गट असतो, तिथंही स्कोपला जागा नाही. २०१० ला म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनचं विश्वविजेतेपद जिंकणारी आपल्या कोल्हापूरची तेजस्विनी सावंतही पीप साईटवरच खेळली. तरी मैत्रिणीला स्कोप हवाय, सरावापुरता. त्यातून आपला हात किती हलतो ते मोठं होऊन दिसतं. म्हणजे एकाच दस्त्यावर दोन उंच्या.

त्याचं उत्तर थ्री पोझिशनवाल्यांकडं आहे. नीलिंग, प्रोन, स्टँडिंग अशा तिन्हींत डोकं वेगळं बसतं. म्हणून त्यांच्या रायफलीचा चीकपीस आणि बटप्लेट दोन्ही हलवता येतात आणि प्रत्येक पोझिशनची खूण ठरलेली असते. स्कोप आणि ओपन साईटलाही तेच लागू. चीकपीस हलणारा असेल तर दोन खुणा करायच्या, विषय संपला.

बजेट तेवढं नसेल तर? तर दस्ता खालच्या साईटच्या मापाचा घ्यायचा. उंची वाढवता येते, कमी करता येत नाही. लाकूड तासता येईल, पण तासलेलं परत येत नाही. स्कोप लावायच्या दिवशी दस्त्यावर फोमची पट्टी ठेवून वर क्रेप बँडेज गुंडाळलं तरी काम भागतं.

पैसे देण्याआधी हे करा

• रायफल रिकामी असल्याची खात्री करा, तोंड सुरक्षित दिशेला ठेवा. डोळे मिटा, नेहमीसारखा गाल टेका, मग डोळे उघडा. मान न हलवता साईट समोर दिसली पाहिजे.

• हीच परीक्षा स्कोप लावून आणि काढून, दोन्ही वेळा घ्या.

• दस्त्याची लांबी बघा. ट्रिगरपर्यंत बोट पोचायला मान पुढं ताणावी लागत असेल तर दस्ता लांब आहे. उंची कमी असणाऱ्या मुलींनी हे आधी बघा.

• बोल्ट असलेल्या रायफलीत चीकपीस वर केल्यावर बोल्ट पूर्ण मागं येतो का, ते तपासा.

• स्कोप १० मीटरवर फोकस होतो का, विचारा. बरेच स्कोप लांबच्या अंतरासाठी जुळवलेले असतात, जवळचं धूसर दिसतं.

• ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठा बोअर किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त ताकद असेल तर एअर रायफललाही परवाना लागतो.

शेवटी आम्ही दोघी परत दुकानात गेलो. तिनं डोळे मिटले, गाल टेकला, उघडले. उंच गालाच्या रायफलीवर ओपन साईट दिसलीच नाही. दुकानदारानं स्वतः टेकून बघितलं आणि मग आतून दुसरी काढली. साधी, खालच्या गालाची, स्कोपशिवाय. पहिलीपेक्षा स्वस्तही निघाली. उरलेल्या पैशांत छर्रे आले आणि पप्पांना परत द्यायला थोडे शिल्लकही राहिले.

स्कोप ती दिवाळीनंतर घेणार आहे. फोमची पट्टी मात्र आत्ताच कापून ठेवलीय.