चिंच, वड आणि तिळाएवढी माशी

चिंचवड हे नाव कसं पडलं, असं विचारतेस? ऐक तर मग. पुण्याच्या पलीकडे, पवनेकाठी, चिंचांची नि वडांची दाटी होती, म्हणून चिंचवड. जुनी माणसं तरी असंच सांगतात. गाव मोठं झालं ते गणेशभक्त मोरया गोसावींमुळे. क्रांतिकारक चापेकर बंधूही इथलेच. मग कारखाने आले, शेजारच्या पिंपरीत 1954 मध्ये पेनिसिलिनचा कारखाना निघाला आणि 1982 मध्ये दोन्ही गावांची मिळून महानगरपालिका झाली.

पण झाडं मात्र भारी गमतीची आहेत हं. चिंच आपल्या आमटीत इतकी मुरलीय, शास्त्रीय नावातसुद्धा 'इंडिका' आहे, पण तिचं माहेर आफ्रिकेत! अंधार पडला की तिची पानं मिटतात. आज दिवेलागणीनंतर जाऊन बघ, समोरासमोरच्या पानुल्या जोडीजोडीनं चिकटलेल्या दिसतील.

आणि वड? वडाला फुलं येत नाहीत असं तुला वाटतं ना? येतात, शेकड्यांनी येतात, पण त्या लाल फळाच्या पोटात, आतल्या बाजूला. तिथं पोचणार कोण? एक तिळाएवढी माशी, गांधीलमाशीच्या गोतातली. फळ कोवळं असताना त्याच्या टोकाच्या छिद्रातून ती अंग रेटत आत शिरते. वाट इतकी अरुंद की पंख मोडून पडतात. आत ती अंगावरचे परागकण फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथंच मरते. पुढं नर आधी जन्मतात. त्यांना पंखच नसतात. माद्यांशी मीलन झालं की ते फळाला भोक पाडतात आणि बहुतेक तिथंच संपतात. उजेड त्यांच्या नशिबी नाही. माद्या नवे परागकण घेऊन त्या भोकातून उडतात, दुसरा वड शोधायला.

त्यांच्या हाती वेळ किती? एखाददुसरा दिवस. म्हणून पंचक्रोशीत एखादाच वड असून भागत नाही. याची फळं संपली की त्याची कोवळी तयार हवीत, नाहीतर माशीचा वंश बुडाला आणि वडाचं बीही गेलं. रस्ता रुंद करताना 'एकच तर झाड' म्हणणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

अगं, पिंपरी हेसुद्धा वडाच्याच कुळातलं झाड आहे. पण वडाची माशी त्याला चालत नाही, त्याची वेगळी!