आई-बाबांनी गाडी चालवणं कधी थांबवावं? लायसन्सवरची तारीख हे सांगत नाही

"मी चाळीस वर्षं गाडी चालवतोय, तू मला शिकवू नकोस."

बजाज चेतकपासून ॲक्टिव्हापर्यंत सगळं चालवलेल्या बाबांनी हे वाक्य टाकलं की विषय तिथंच संपतो. त्यांचं म्हणणं चुकीचंही नसतं. पण मुद्दा चाळीस वर्षांच्या अनुभवाचा नसतोच. गेल्या सहा महिन्यांत काय बदललं, हा असतो.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू.

भारतात गाडी चालवायला वयाची कमाल मर्यादा नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार ५५ नंतर लायसन्स रिन्यू केलं की ते ५ वर्षांसाठी मिळतं आणि सोबत डॉक्टरांची सही असलेला फॉर्म १-ए लागतो. मुदत संपून वर्ष उलटलं तर पुन्हा टेस्ट द्यावी लागते. आता हा फॉर्म किती मनापासून तपासून भरला जातो, हे रिन्यूअल केलेल्यांना वेगळं सांगायला नको. शिवाय सत्तरीत रिन्यू झालेलं लायसन्स पंचाहत्तरीपर्यंत चालतं. मधल्या काळात मोतीबिंदू वाढला, पार्किन्सन्स सुरू झाला, तरी कार्डावरची तारीख तीच.

याच कायद्याच्या कलम १६ प्रमाणे आजारपणामुळं चालक अनफिट वाटला तर आरटीओ मेडिकल सर्टिफिकेट मागू शकतं, लायसन्स रद्दही करू शकतं. पण स्वतःच्या वडिलांची तक्रार घेऊन आरटीओत कोण जाणार? म्हणजे निर्णय घरातच घ्यायचा.

हा प्रश्न फक्त आपल्याकडंच आहे असंही नाही. जानेवारी २०१९ मध्ये इंग्लंडचे प्रिन्स फिलिप यांची गाडी सँड्रिंगहॅमजवळ दुसऱ्या गाडीला धडकून उलटली. तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. पुढच्याच महिन्यात त्यांनी लायसन्स परत केलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या चालकाच्या गाडीखाली एक आई आणि तिची छोटी मुलगी गेली. त्या वर्षी जपानमध्ये सुमारे ६ लाख लोकांनी स्वतःहून लायसन्स परत केली. तिथं ७५ नंतर रिन्यू करताना स्मरणशक्तीची चाचणीही द्यावी लागते.

मग घरात बसून ओळखायचं कसं?

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे मागं बसा. सल्ले देऊ नका, नुसतं बघा. सिग्नल दिसायला उशीर होतोय का? वळताना मान फिरते की फक्त हँडल फिरतं? रात्री समोरून लाइट आला की ते गोंधळतात का? साठीत डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो, त्यामुळं रात्रीची अडचण आधी येते.

टू-व्हीलरचं गणित आणखी वेगळं. स्कूटरचं वजन शंभर किलोच्या पुढं. ती चालवण्यापेक्षा सिग्नलला पाय टेकवून सावरणं, मेन स्टँडवर लावणं जड जातं. उभी गाडी कलंडून पडली तरी या वयात खुब्याचं हाड मोडू शकतं. त्यामुळं "मी हळूच चालवतो" हे उत्तर इथं पुरत नाही.

गाडीवर नवे ओरखडे, पार्किंगमध्ये खांबाला घासणं, हे एकदा झालं तर सोडून द्या. वारंवार व्हायला लागलं तर लक्ष द्या. पण रोजच्या मंडईच्या रस्त्यावर वाट चुकली, किंवा ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला गेला, तर थांबायचं नाही. डॉक्टरांकडं जाईपर्यंत गाडी बंद.

आणि एक प्रश्न स्वतःला विचारा. नातवाला त्यांच्यामागं बसवून शाळेत पाठवाल का? "नाही" म्हणत असाल, तर तुमचा निर्णय झालेलाच आहे, फक्त बोलायचं बाकी आहे.

घाईनं चावी काढून घेऊ नका, कारण काही गोष्टी दुरुस्त होतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर नजर सुधारते. गुंगी आणणारं झोपेचं किंवा सर्दीचं औषध, शुगर अचानक खाली जाणं, हे डॉक्टरांना सांगितलं तर मार्ग निघतो. डिमेन्शियाचं निदान झालं असेल तर मात्र समजावण्यावर विसंबू नका, गाडीच घरातून हलवा.

बोलायचं कसं? चारचौघांत तर नकोच, आणि गाडी ठोकून आल्याच्या संध्याकाळीही नको. "तुम्हाला आता जमत नाही" यापेक्षा "रात्रीची गाडी बंद करूया, हायवेला मी येतो" इथून सुरुवात करा. मुलाचं न ऐकणारे बाबा डॉक्टरांचं ऐकतात, हा बऱ्याच घरांतला अनुभव आहे, त्याचा फायदा घ्या. आईची स्कूटी बंद करताना तर जास्तच विचार करा. भजनी मंडळ, बँक, भाजी, मैत्रिणी, तिचं सगळं बाहेरचं जग त्या स्कूटीवर चालतं.

म्हणून चावी मागायच्या आधी पर्याय तयार ठेवा. दिवसाला शंभर रुपये रिक्षाचे धरले तरी महिन्याला ३ हजार होतात. ते न मागता त्यांच्या हातात ठेवा, कारण रिक्षाच्या पैशांसाठी मुलाकडं हात पसरायला लागू नये म्हणूनच अनेक जण गाडी सोडत नाहीत. फोनवर रिक्षा बुक करायला दोन-तीनदा सोबत बसून शिकवा. गावाला जायचं असेल तर राज्यात एसटीला ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट आहे, ७५ नंतर प्रवास मोफत.

गाडी विकायची ठरलीच तर आरसी नव्या मालकाच्या नावावर झाली का, ते तपासा. नाहीतर गाडी तिसराच चालवेल आणि ई-चलान बाबांच्या मोबाइलवर येत राहतील.