फ्रेंच भाषेतील गमनार्थाची अभिव्यक्ती : मराठीच्या संदर्भात

प्रस्तावना :
महाराष्ट्रात फ्रेंचचे अध्यापन बहुधा इंग्रजीच्या आधारे होते. गमनार्थाच्या बाबतीत मात्र फ्रेंचची रचना अनेक ठिकाणी मराठीला अधिक जवळची आहे. हे साम्य आणि त्याच्या मर्यादा येथे स्पष्ट केल्या आहेत.

१. धातुरूपे :
'जाणे' या अर्थाचे फ्रेंच क्रियापद 'आले' होय. (मराठी 'आले'शी त्याचे केवळ उच्चारसाम्य आहे.) 'मी जातो' म्हणजे 'झ व्हे', 'आम्ही जातो' म्हणजे 'नू झालों', तर 'मी जाईन' म्हणजे 'झिरे'. ही रूपे एका मुळातून आलेली नाहीत. 'व्हे' हे लॅटिन 'वादेरे'पासून व 'झिरे' हे 'इरे'पासून आले; 'आले'ची व्युत्पत्ती 'आंबुलारे'पासून मानतात, पण ती विवाद्य आहे. विद्यार्थ्याला ही अनियमितता जाचक वाटते. परंतु मराठीतही 'जातो' हे संस्कृत 'या' धातूकडे, तर 'गेला' हे 'गम्'कडे जाते.

२. भूतकाळ व सुसंवाद :
बहुतेक फ्रेंच क्रियापदे संयुक्त भूतकाळात 'आव्हुआर' हे साहाय्यक क्रियापद घेतात. 'आले' मात्र 'एत्र', म्हणजे 'असणे', घेते. त्यामुळे धातुसाधित कर्त्याच्या लिंगवचनानुसार बदलते. 'तो गेला', 'ती गेली' हा भेद मराठी भाषकाला उपजत असतो. 'इल एत आले' व 'एल एत आले' यांत क्रियापदाचा उच्चार समान राहतो. स्त्रीलिंगाचे चिन्ह फक्त लेखनात दिसते. म्हणूनच ते लिहिताना सुटते.

३. गती आणि रीती :
लिओनार्ड टाल्मी यांच्या वर्गीकरणानुसार फ्रेंच क्रियापद गतीचा मार्ग सांगते. रीती स्वतंत्र पदाने येते. 'इल त्राव्हेर्स ला रिव्हिएर आ ला नाझ' म्हणजे 'तो पोहून नदी पार करतो'. इंग्रजीत रीती मुख्य क्रियापदातच सामावते. 'पायी जाणे' यासाठी फ्रेंचमध्ये 'आले आ प्ये' अशी जवळपास शब्दशः तीच रचना आहे. इंग्रजीतून विचार करणारा विद्यार्थी तेथे 'मार्शे' हे 'चालणे' या अर्थाचे क्रियापद योजून चुकतो.

४. स्थलवाचक पदे :
व्यक्तीकडे जाताना फ्रेंच 'शे' वापरते. 'शे ल मेद्सें' म्हणजे 'डॉक्टरांकडे'. 'कडे' हे शब्दयोगी अव्यय त्याचे नेमके कार्य करते. स्थळांबाबत मात्र मराठीचा आधार अपुरा पडतो. 'पॅरिसला', 'फ्रान्सला', 'जपानला' यांत एकच 'ला' आहे. फ्रेंचमध्ये शहरासाठी 'आ', स्त्रीलिंगी देशासाठी 'आं', व्यंजनाने सुरू होणाऱ्या पुल्लिंगी देशासाठी 'ओ' लागतो. तसेच 'हो, जातो' एवढे मराठीत पुरते; फ्रेंचमध्ये पूर्वोक्त स्थळासाठी सर्वनाम जोडून 'झी व्हे' म्हणावे लागते.

निष्कर्ष :
धातुरूपे, सुसंवाद व रीती शिकवताना मराठीचा आधार घेतल्यास नियम पाठ करण्याऐवजी ओळखता येतो. स्थलवाचक पदे व सर्वनाम यांसाठी मात्र स्वतंत्र सराव आवश्यक आहे. मातृभाषेचा उपयोग कोठे करावा आणि कोठे थांबवावा, हा विवेक अध्यापकाने ठेवणे महत्त्वाचे ठरते.