मनगटाचे प्लास्टर निघाल्यावर

बंगळूरच्या तुमकूर रस्त्यालगत १९७०च्या दशकात वसलेले पीण्या औद्योगिक क्षेत्र आशियातील मोठ्या लघुउद्योग वसाहतींपैकी एक मानले जाते. लेथवर, प्लेटिंगच्या टाक्यांपाशी, शिलाई यंत्रांपुढे इथे हजारोंची उमर गेली. पत्र्याच्या शेडमध्ये ट्यूबलाइटखाली पाळी काढायची, उन्हे कलल्यावर बाहेर पडायचे. त्या सुरुवातीच्या कामगारांनी आता साठी-सत्तरी गाठली आहे.

त्यांच्या हाडांचे दुखणे बहुधा मनगटापासून सुरू होते. पन्नाशीतली बाई ओल्या फरशीवर घसरते, हात टेकते आणि मनगट मोडते. सहा आठवडे प्लास्टर, मग घरी. उभ्या उंचीवरून पडल्याने निरोगी हाड सहसा मोडत नाही, मग हे का मोडले, असे मात्र कोणी विचारत नाही. असे एक हाड मोडले की पुढचे मोडण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, आणि पुढचे हाड खुब्याचे असू शकते. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी पाचातला एक तरी वर्षभरात दगावतो. हे टाळण्याची सर्वांत सोपी वेळ म्हणजे प्लास्टर काढण्याचा दिवस, आणि नेमका तोच आपण दवडतो.

निदानासाठी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४मध्ये आखलेल्या व्याख्येनुसार टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा. पण साध्या पडण्याने खुबा किंवा मणका मोडला असेल, तर यंत्राची वाट पाहायचे कारण नाही. तो मोड हेच निदान. मनमोहन सिंग, नागरथ आणि मैनी या भारतीय डॉक्टरांनी १९७०मध्येच खुब्याच्या साध्या एक्स-रेवर हाडाच्या आतील रेषांची झीज वाचून सहा पायऱ्या ठरवल्या. आज ती पद्धत पुरेशी अचूक मानली जात नाही, तरी इशारा म्हणून मोलाची आहे. २००८पासून वापरात असलेल्या ‘फ्रॅक्स’ या गणितातही डेक्साशिवाय धोक्याचा अंदाज बांधता येतो. मणक्याचे बहुतेक मोड तर कंबरदुखी समजून अंगावर काढले जातात. नोकरीला लागताना नोंदलेली उंची आजच्या उंचीशी ताडून पाहावी. चार सेंटिमीटर घटली असेल, तर मणक्याचा एक्स-रे हवाच.

कष्टाने हाडे घट्ट होतात, हे खरे. पण ताटात आणि उन्हात ती घट्ट करणारे काही असेल तरच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत वीणा शत्रुघ्न आणि सहकाऱ्यांनी कमी उत्पन्न गटातील तीस ते साठ वयाच्या स्त्रिया तपासल्या. २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मांडीच्या हाडाच्या मानेशी सुमारे २९ टक्के जणींना ऑस्टिओपोरोसिस आढळला. तोही साठीच्या आत.

डॉक्टरांनी आणखी एक प्रश्न न चुकता विचारावा: पिशवी काढली आहे का, आणि कितव्या वर्षी? बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या २०१९च्या पाहणीत तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. सोबत बीजकोशही गेले, तर हाडांचे संरक्षण त्याच दिवशी संपते. सांधेदुखीवर किंवा दम्यावर महिनोन्महिने घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्याही तितक्याच घातक.

उपचार दुर्मिळ नाहीत. रजोनिवृत्तीनंतर दिवसाला सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असते. भाकरी असो की कर्नाटकातला मुद्दे, दोन्ही उपयोगी. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या साठ हजार युनिटांच्या पुड्या मात्र वर्षानुवर्षे मनाने खाऊ नयेत. आणि नुसत्या कॅल्शियमने मोडकी हाडे सावरत नाहीत. त्यासाठी औषध लागते. अॅलेंड्रोनेटची आठवड्याची गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि अर्धा तास आडवे व्हायचे नाही, नाहीतर अन्ननलिका पोळते. झोलेड्रोनिक अॅसिड वर्षातून एकदा शिरेतून देतात, पण आधी मूत्रपिंड तपासून. डेनोसुमॅबचे सहामाही इंजेक्शन मध्येच थांबवले, तर मणके पटापट मोडू शकतात. ‘आता बरे वाटते’ म्हणून ते सोडू नये.

खर्चाचे काय? कर्मचारी राज्य विमा योजनेत किमान पाच वर्षे विमाधारक असून वयोमानाने निवृत्त झालेल्या कामगाराला, जोडीदारासह, वर्षाला १२० रुपये भरून वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. ही तरतूद निवृत्तीच्या दिवशी प्रत्येक कारखान्याने लेखी हातात द्यावी, असे मला ठामपणे वाटते. या योजनेचे राजाजीनगरचे ईएसआय रुग्णालय पीण्यापासून दूर नाही.

शिलाई कारखान्यांतल्या पुष्कळ बायका मात्र निवृत्तीचे वय येण्याआधीच काम सोडतात आणि या सवलतीबाहेर राहतात. त्यांच्यासाठी जयनगरची संजय गांधी अपघात आणि अस्थिरोग संस्था ही सरकारी वाट आहे. पीण्या इंडस्ट्री स्थानकातून हिरव्या मार्गाची मेट्रो गाडी न बदलता जयनगरला पोचते. जाताना जुने एक्स-रे आणि चालू गोळ्यांची पाकिटे पिशवीत घ्यावीत, आणि मनगट कधी मोडले होते ते स्वतःहून सांगावे.