नाव पातशहाचे, चांदी होळकरांची

इंदूरच्या सराफ्यात रात्री खवय्यांची जी झुंबड उडते ती पाहून, याच पेढ्यांवर एके काळी नाण्यांचा न्याय होत असे हे कोणाच्या ध्यानात यावे! एकोणिसाव्या शतकात माळव्यात नाना टांकसाळींचे रुपये चालत आणि त्यांच्या वजनात व कसात फरक असल्यामुळे, परगण्याचा वसूल असो की अफूच्या व्यापाऱ्याची हुंडी, रक्कम कोणत्या रुपयांत भरावयाची हे कागदावर नमूद करावे लागे. मग सराफ नाणे वाजवून, तोलून, कसोटीला लावून त्यावर बट्टा आकारी.

अहिल्याबाई होळकरांच्या कारकिर्दीतील महेश्वरी रुपयावर शिवलिंग व बिल्वपत्र असे, इंदूरच्या रुपयावर सूर्यमुख. लेख मात्र फारसी आणि नाव दिल्लीच्या शाह आलमचे. १७८८ मध्ये रोहिला सरदार गुलाम कादिराने ज्याचे डोळे काढले आणि १८०६ मध्ये जो मरण पावला, त्या दुर्दैवी पातशहाचे नाव त्याच्या मागेही कित्येक वर्षे होळकरी ठशांवर नांदत राहिले. यात कोणाला विसंगती वाटली नाही, कारण ठसा पाहावयाचा तो टांकसाळ ओळखण्यापुरता. रुपयाची पत त्याच्या चांदीत होती.

कंपनी सरकारने १८३५ मध्ये रूढ केलेल्या कलदार रुपयातही १८० ग्रेन वजनापैकी १६५ ग्रेन शुद्ध चांदी होती, आणि कोणीही चांदी घेऊन जावे, मजुरी भरावी व रुपये पाडून आणावेत अशी मुभा होती. पुढे जर्मनीने सुवर्णचलन स्वीकारले, अमेरिकेतील खाणींतून चांदीचा लोंढा आला, आणि १८७१ च्या सुमारास दोन शिलिंगांच्या आसपास असलेला रुपया १८९३ पर्यंत सव्वा शिलिंगावर उतरला. विलायतेची देणी सोन्यात भागविणाऱ्या हिंदुस्थान सरकारची तारांबळ उडाली, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये त्याने आपल्या टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या.

या एका हुकमाने सराफाचे शास्त्र उलटे झाले. कलदार आता आपल्या चांदीहून महाग, सरकारी मोहोरेच्या जोरावर. होळकरांचा हाली, म्हणजे संस्थानात चालू असलेला, रुपया मात्र चांदीशी बांधलेला, म्हणून तिच्याबरोबर घसरणारा. कुणब्याच्या घरातील तोडे-वाळे ही अडीअडचणीची पुंजी होती, आणि तीही कोणी न चोरता हलकी झाली. १८९९-१९०० च्या, म्हणजे संवत छप्पन्नच्या दुष्काळात ती बाजारात आली तेव्हा चांदी पूर्वीइतकीच निर्भेळ होती, पण तिचे रुपये कमी येत होते. सरकारी हिशेबांत या तोट्याला रकाना नव्हता. १९०२ मध्ये इंदूर संस्थानाने हाली रुपया मोडीत काढून कलदार स्वीकारला.

मोहोरेच्या जोरावर चालणाऱ्या नाण्याला लगाम कोणी घालावा, हा प्रश्न इंदूरजवळच्या महू येथे जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या प्रबंधात हाती घेतला. अर्थशास्त्रज्ञ केन्सने वाखाणलेली, रुपयाचा दर सोन्याशी बांधणारी सुवर्ण-विनिमय-पद्धती त्यांना मान्य नव्हती. सरकारच्या मर्जीवर रुपये पाडले गेले तर भाववाढीचा भार गरिबावर पडतो, म्हणून टांकसाळी लोकांप्रमाणे सरकारलाही बंद असाव्यात व चलनाची मर्यादा कायद्याने ठरवावी, हे त्यांचे म्हणणे. १९२५ मध्ये हिंदुस्थानच्या चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढेही त्यांनी साक्ष दिली. आयोगाने मात्र सुवर्णपिंडाच्या परिमाणाची शिफारस केली. १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आली, आणि १९४७ मध्ये तिच्या जागी निकल आले.